मी जोडलेली दोन वाक्यं

हिंगोलीकडच्या जवळा बाजार गावात मी सव्वीस वर्षं मराठी शिकवलं, अकरावी-बारावीच्या मुलांना. त्यातल्या एका मुलीबद्दल मी आजवर कुणाला धड सांगितलेलं नाही. बायकोला सांगितलं, पण अर्धंच, आणि तेही स्वतःला सोयीचं पडेल असं.

ती जवळच्या एका बंजारा तांड्यावरची. घरी गोरमाटी बोलायचे, त्यामुळे मराठी तिला शाळेतच भेटलेली. अकरावीला आमच्याकडं आली तेव्हा हजेरीला ‘हजर सर’ म्हणण्यापलीकडं तिचा आवाज कुणी ऐकलेला नव्हता. उत्तरपत्रिकेत नाव, नंबर आणि दोन-तीन ओळी असायच्या. इतर शिक्षकांनी तिला ‘ढ’ मध्ये टाकून दिलं होतं. मीही टाकलंच असतं.

पण एकदा मी निबंध दिला होता, ‘माझा आवडता ऋतू’. मुलं निबंध गाईडातून उतरवतात हे मला ठाऊक होतं. सगळ्यांच्या वहीत तोच पावसाळा, तीच हिरवी शाल पांघरलेली धरती. स्टाफरूममध्ये बसून मी न वाचताच खुणा करत चाललो होतो. तिच्या वहीत तीन ओळी होत्या.

‘मला ऋतू आवडत न्हाईत. बस टायमावर येती तो ऋतू चांगला. तो अजून आला न्हाई.’

मी एकटाच मोठ्यानं हसलो. मग परत वाचलं आणि हसू थांबलं. त्या तांड्याच्या फाट्यावर एसटी धड थांबत नाही, पोरी पळत जातात आणि कंडक्टर दोनदा घंटी मारतो, हे मी रोज त्याच बसच्या खिडकीतून पाहत होतो.

मी तिला बोलावलं. दारातच म्हणाली, “चुकलं सर. परत लिहून आणते.”

“चुकलं नाही. चांगलं लिहिलंयस. पुढं का नाही लिहिलं?”

ती माझ्याकडं संशयानं पाहत राहिली. चेष्टा चालली असावी असं तिला वाटलं. शेवटी म्हणाली, “मला मराठी येत न्हाई.”

“मग हे काय आहे?”

“हे तर असंच हाय.”

हळूहळू तिच्याकडून काढून घेतलं. सहावीत असताना एका गुरुजींनी तिची वही वर्गात मोठ्यानं वाचून दाखवली होती. तिचेच शब्द, तिचेच हेल. वर्ग पोट धरून हसला होता. तेव्हापासून तिनं एक हिशेब पक्का केला होता. मला म्हणाली, “कमी लिहिलं की कमी चुकतं, सर.”

ही गोष्ट मला आतपर्यंत लागली, त्याला कारण होतं. मी साखऱ्याकडच्या खेड्यातला. विद्यापीठात गेलो तेव्हा पहिल्याच आठवड्यात तासाला ‘का’ऐवजी ‘काहून’ म्हणालो आणि मागच्या बाकावरून कुणीतरी माझीच नक्कल केली. दोन वर्षं लागली मला तो शब्द जिभेवरून घासून काढायला. घासला, स्वच्छ झालो, मग कथा लिहिल्या, दोन संग्रह आले. कुणी फार वाचले नाहीत. चाळिशी उलटली तरी लोक मला ‘नवोदित’ म्हणायचे, पुढं तेही म्हणेनासे झाले. त्या मुलीची वही हातात आली तेव्हा मला काही न लिहून दहा वर्षं झाली होती. हे सांगणं भाग आहे, कारण पुढं मी जे केलं त्यात याचा वाटा आहे.

पहिले चार-पाच महिने मी बरोबर वागलो, एवढं श्रेय मी स्वतःला देतो. तिला म्हणालो, आठवड्यातून एकदा काहीही लिहून आण, दुसरं कुणी वाचणार नाही, लाल पेन मी खिशातच ठेवीन. पहिल्यांदा अर्धं पान आलं, ते शेळीवर होतं. मग एक पान आलं, ते शेळी विकत घेऊन गेलेल्या माणसावर होतं. मी म्हणायचो, वाचून दाखव. ती कपाटाकडं तोंड करून, माझ्याकडं पाठ करून वाचायची. मी काही बोलायचो नाही. फक्त जिथं आवडलं तिथं म्हणायचो, “हे परत वाच.” बस, एवढंच.

एकदा वाचता वाचता तिला स्वतःच्याच वाक्याचं हसू आलं. एका मामावर लिहिलं होतं, तो मोबाइलवर बोलताना उभा राहतो, कारण पलीकडचा माणूस मोठा असतो. हसता हसता ती वळली आणि पुढचं सगळं माझ्याकडं तोंड करून वाचलं. आपण वळलो हे तिच्या ध्यानातसुद्धा आलं नाही. त्या दिवशी घरी जाताना मी फार खूश होतो. तितका खूश मी स्वतःची पुस्तकं आली तेव्हाही नव्हतो.

दिवाळीनंतर तिनं एक पान आणलं. ते न वाचता तिनं माझ्या हातात दिलं आणि ती बाहेर व्हरांड्यात जाऊन उभी राहिली. ते पान मला पाठ आहे.

‘बाजारच्या दिवशी याडी मिरच्या घेऊन बसती. मी कॉलेजातून सुटले. संगं तिघी होत्या. याडी लांबून दिसली. ती एका बाईला मोठ्यानं म्हणून राहिली होती, घे मा, घे, लई तिखट हाय, नवरा रडंल. तिला हळू बोलता येत न्हाई. माझ्या संगची म्हणली, ती बाई बघ कशी बोलती. मी बी हसले. मग याडीनं माझ्याकडं पाह्यलं. मी चपलीचा बंद नीट करायला खाली बसले. लई वेळ बसले. बंद तुटला न्हवता.’

याडी म्हणजे आई. तिच्या बोलीतला शब्द.

मी व्हरांड्यात गेलो. म्हणालो, “पोरी, हे फार मोठं लिहिलंस तू.”

“कुणाला दाखवू नका, सर.”

“नाही दाखवत.”

हा शब्द मी महिनाभर पाळला.

हिंगोलीला एक साहित्य मेळावा भरणार होता. त्यात कॉलेजच्या मुलांसाठी एक सत्र होतं, निवडक मुलांनी स्वतःचं लेखन वाचायचं. पत्रक आमच्या नोटीस बोर्डावर लागलं तेव्हाच माझ्या मनात ते पान आलं. खोटं कशाला बोलू, त्याबरोबर दुसरंही चित्र आलं. ती वाचते आहे, सभागृह स्तब्ध आहे आणि लोक विचारताहेत, हिला लिहितं कुणी केलं?

मी तिला विचारलं, तर ती नाही म्हणाली. “ते तुमच्यासाठी लिहिलं होतं सर. लोकांसाठी न्हाई.”

मी आठ-दहा दिवस तिच्या मागं लागलो. भीती मोडायची तर एकदा उभं राहावंच लागतं, असं सांगितलं. माझ्या विद्यापीठाची गोष्ट सांगितली. शेवटी म्हणालो, “मी आहे ना तिथं.” त्यावर ती गप्प झाली. त्या गप्प होण्याचा अर्थ मी होकार असा घेतला.

मग मी ते पान घरी नेलं आणि साफ करायला बसलो. मला खरंच वाटत होतं की मी तिला हसू होण्यापासून वाचवतो आहे. ‘न्हाई’चं ‘नाही’ केलं. ‘म्हणून राहिली होती’चं ‘म्हणत होती’ केलं. ‘याडी’च्या जागी सगळीकडं ‘आई’ घातलं, हिंगोलीच्या लोकांना कळायला नको का? मिरचीवाल्या वाक्यातला नवरा काढला, बरं दिसत नाही म्हणून. आणि शेवटी मला वाटलं, ‘बंद तुटला नव्हता’ हे फार तुटक आहे, वाचणाऱ्याला पश्चात्ताप दिसला पाहिजे. म्हणून दोन वाक्यं जोडली. ‘त्या क्षणी मी किती कृतघ्न झाले होते, हे आज मला उमगते. आईच्या डोळ्यांतील ती अव्यक्त वेदना मला आजही अस्वस्थ करते.’

डीटीपी करून प्रिंट काढून आणली. सुबक दिसत होती.

ती प्रिंट मी तिला हिंगोलीच्या बसमध्ये दिली. तिनं एकदा वाचली, परत वरून सुरू केली. औंढा मागं पडल्यावर तिनं विचारलं, “सर, हे कुणाचं हाय?”

“तुझंच. जरा नीट केलंय.”

“हे शेवटचे दोन माझे न्हाईत.”

“वाचणाऱ्याला कळायला पाहिजे ना, तुला काय वाटलं ते.”

“बिना त्याचं कळलं नसतं का?”

मी म्हणालो, “मोठ्या लोकांपुढं वाचायचंय. माझ्यावर विश्वास ठेव.” तिनं ठेवला. सतरा वर्षांच्या पोरीनं दुसरं काय करायचं?

सभागृह बऱ्यापैकी भरलं होतं. ती चौथी उभी राहिली. कपाटाकडं नाही, लोकांकडं तोंड करून वाचू लागली आणि चांगलं वाचत होती. चपलीपाशी आली तेव्हा पुढच्या रांगेतल्या एका बाईंनी पदर तोंडाशी नेलेला मी पाहिला. तिथंच थांबली असती तर! पुढची दोन वाक्यं तिनं पाठ केलेल्या श्लोकासारखी एका दमात म्हणून टाकली. टाळ्या झाल्या.

अध्यक्ष एक वयस्क लेखक होते. स्वभावानं वाईट नसावेत, पण त्यांना मिस्कील बोलायची सवय होती. ते म्हणाले, “बाळ, सुंदर. फक्त मला एक सांग, कृतघ्न म्हणजे काय गं?”

ती माइकसमोर उभी होती. तिनं माझ्याकडं पाहिलं.

अध्यक्षांनीही पाहिलं. “सर आलेत वाटतं सोबत. हात बराच फिरलेला दिसतोय.” लोक हसले.

त्या वेळी उभं राहून एवढंच म्हणायचं होतं की ती दोन वाक्यं माझी आहेत, बाकी लेख तिचा आहे आणि मी त्याची माती केली. दहा सेकंदांचं काम. मी उभा राहिलो आणि म्हणालो, “शुद्धलेखन तेवढं पाहिलं, साहेब. बाकी शब्द न् शब्द तिचा.”

“मग तिला माहीत असणार की,” अध्यक्ष हसत म्हणाले. “सांग बाळ.”

“न्हाई माहीत,” ती म्हणाली. माइकमुळं ते शेवटच्या रांगेपर्यंत स्पष्ट गेलं. परत हशा पिकला. कुणाच्या मनात खोट नव्हती, हे मी आजही सांगू शकतो. पण ती हसणारी माणसं आणि सहावीतला तो वर्ग यांत तिच्या लेखी काय फरक होता?

सहभागाचं प्रमाणपत्र मिळालं. परतीच्या बसमध्ये ती खिडकीला डोकं टेकून बसली होती. मी बोलत होतो. अशा गोष्टी होतात, मोठमोठ्यांच्या बाबतीत होतात, मनाला लावून घ्यायचं नाही. फाटा जवळ आल्यावर ती उठली, दप्तर खांद्याला लावलं आणि विचारलं, “सर, तुमी खोटं काहून बोलले?”

“तुझ्यासाठीच बोललो, पोरी.”

“माझ्यासाठी न्हाई,” ती म्हणाली आणि उतरून गेली.

त्यानंतर वही आली नाही. मी मागितली तर म्हणाली, अभ्यास हाय. वर्गात ती पुन्हा ‘हजर सर’वर गेली.

इथं थांबलो असतो तरी एक वेळ ठीक होतं. पण कॉलेजच्या वार्षिकांकाचा संपादक मीच होतो. मला वाटलं, छापील पानावर स्वतःचं नाव पाहिलं की पोरगी सावरेल. आणि मला ते दहा सेकंदही भरून काढायचे होते. मी तिला विचारलं नाही. विचारलं तर नाही म्हणेल हे ठाऊक होतं, म्हणूनच विचारलं नाही. लेख छापला. तोच, साफ केलेला, शेवटच्या दोन वाक्यांसकट. लेखाभोवती चौकट, खाली तिचं नाव आणि तांड्याचं नाव.

अंक वाटल्यावर पंधरा दिवसांनी तिची आई कॉलेजात आली. मी तिला पहिल्यांदाच पाहत होतो. उंच बाई, खांदे रुंद. शिपायानं तिला स्टाफरूमच्या दारापाशी आणून सोडलं. मला वाटलं होतं ती मोठ्यानं बोलेल. ती इतकं हळू बोलली की मला खुर्ची सोडून पुढं जावं लागलं.

“मास्तर, ते बुकात लिहिलेलं तुमी छापलं का?”

“हो. तुमची मुलगी फार छान लिहिते, बाई.”

“तांड्यावर एक पोरगी हाय तुमच्या कॉलेजातली. तिनं नळावर सगळ्यांत वाचून दाखवलं. मास्तर, पोरगी खाली बसली ते मला तवाच कळलं होतं. मी तोंड फिरवलं. म्हणलं, लेकराला उठता येऊ द्या. घरी गेल्यावर ती बोलली न्हाई, मी बी बोलले न्हाई. तिनं भाकरी केल्या त्या दिवशी, न सांगता. आमचं मिटलं होतं.”

मी तिच्याकडं खुर्ची सरकवली. ती बसली नाही.

“आता सगळे तिला म्हणतेत, आईला वळखत न्हाई ही. ती माझ्याकडं बघत न्हाई. मी बाजारात बसते तर बाया इचारतेत, तुझी पोरगी कुठंय? तुमी काहून छापलं?”

“चांगल्यासाठी छापलं हो.”

“व्हय,” ती म्हणाली. “चांगल्यासाठीच असंल.” डोक्यावरचा पदर सारखा केला आणि निघून गेली. शिव्या दिल्या असत्या तर मला आज एवढं आठवलं नसतं.

बारावीच्या परीक्षेत त्या मुलीला मराठीत वर्गात सगळ्यांत जास्त मार्क पडले. मी तिचा सराव पेपर तपासला होता, त्यामुळं ते कसे पडले हे मला माहीत होतं. सगळी उत्तरं गाईडातली, एकही चूक नाही. निबंधात धरतीनं हिरवी शाल पांघरली होती. प्राचार्यांनी माझं अभिनंदन केलं, म्हणाले, दगडातून मूर्ती काढली सर तुम्ही.

मग ती कॉलेजातून गेली आणि काही वर्षांनी मी निवृत्त झालो.

गेल्या वर्षी नांदेडहून येताना वारंगा फाट्याला उतरलो. हयातीचा दाखला द्यायचा राहिला होता आणि आमच्याकडचं मशीन बंद होतं. हॉटेलांच्या रांगेत एक ऑनलाइन सेवा केंद्र दिसलं. आत काउंटरमागं तीच बसलेली होती. अंगानं भरली होती, चष्मा लागला होता. समोर एक म्हातारी तिला सांगत होती, खांब वाकला, तार शेतात लोंबती, तीनदा सांगून आले, कुणी येईना. ती टाइप करत होती. संपल्यावर वाचून दाखवलं. म्हातारीचेच शब्द, फक्त वर ‘प्रति’ आणि खाली ‘अर्जदार’. म्हातारी म्हणाली, “बराबर. असंच हाय.”

मग तिनं मला पाहिलं. “या सर. बसा.” आवाजात ना राग, ना आनंद. जसं त्या म्हातारीला म्हणाली होती, तसंच.

माझा अंगठा मशीन घेईना. चारदा ठेवला. तिनं ओल्या फडक्यानं पुसला, परत ठेवला, वरून आपल्या बोटानं दाबून धरला. “वय झालं की रेघा जातात,” ती म्हणाली. “घाई करू नका.”

मशीन अंगठा घेईपर्यंत मी विचारलं, “लिहितेस का काही?”

“रोज लिहिते की. दिवसाला वीस-पंचवीस अर्ज.”

“ते नाही. स्वतःचं.”

“न्हाई.” तिनं पडद्यावरची नजर हलवली नाही. “लोक सांगतेत तेवढंच लिहिते. लोकांना दुसरं घातलेलं आवडत न्हाई, सर.”

मला माफी मागायची होती. घसा खाकरून मी सुरुवातही केली. म्हणालो, “त्या वेळी माझं जरा…”

“झालं बघा,” ती म्हणाली. अंगठा घेतला होता. तिनं कागद काढला, माझ्याकडं सरकवला आणि माझ्या मागच्या माणसाला विचारलं, “तुमचं काय, मामा?” तिला माझं बोलणं तोडायचं होतं की खरंच गर्दी होती, ते मला अजून कळलेलं नाही. पण माझी माफी ऐकायची तिला गरज नव्हती, हे कळलं. माफी मागून हलका होणार होतो तो मीच.

त्यानंतर महिनाभरानं हिंगोलीच्या एका कार्यक्रमाचं निमंत्रण आलं. ग्रामीण भागातल्या नव्या लेखकांसाठी कार्यशाळा. मी बोलायचं होतं, मुलांना लिहितं कसं करावं यावर. नाही म्हणावं असं एकदा मनात आलं. बायको म्हणाली, जा, घरात बसून काय करता? मी इस्त्रीचा सदरा घालून गेलो. तासभर बोललो. लाल पेन खिशात ठेवावं, मुलांना मोठ्यानं वाचू द्यावं, त्यांच्या शब्दांना हात लावू नये, सगळं सांगितलं. लोक लिहून घेत होते. शेवटी एका तरुण शिक्षकानं विचारलं, “सर, तुम्ही असे किती लेखक घडवले?”

“आहेत की, बरेच,” मी म्हणालो. टाळ्या झाल्या, आणि शाल घ्यायला मी वर गेलो.